कार्यशाळा आवरण्याचा खेळ : कशावर किती खर्च करावा?

शाळेच्या कार्यशाळेचा तास संपल्यावर बाकांवर काय उरतं, हे तिथं शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला पाठ असतं. भुसा, वायरचे तुकडे, झाकण न लावलेला फेविकॉलचा डबा आणि जागेवर न गेलेली पटाशी. पुढचा वर्ग दारात उभा असतो. मग सर किंवा बाई एकट्याच आवरतात, नाहीतर शिपाईमामांना हाक जाते. मुलांनी आपलं आपण आवरावं म्हणून गट, गुण, फिरतं बक्षीस असा खेळ लावता येतो. नाशिकमध्ये तीस-पस्तीस मुलांच्या वर्गासाठी त्याचा सुरुवातीचा खर्च साडेचार ते पाच हजारांत बसतो. त्यातला खेळावरचा खर्च जेमतेम पाचशेचा. बाकी पैसा झाडू-ब्रशवर आणि प्रत्येक वस्तूला तिची जागा करून देण्यावर घालायचा. जिथं पाना ठेवायला जागाच ठरलेली नाही, तिथं कितीही गुण वाटले तरी तो खिडकीतच सापडणार.

हा हिशेब आता बऱ्याच शाळांना लागणार आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस आणि हातकामाची ओळख सुचवली. अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळत आलं आहे, त्यातले १० लाख उभारणीचे आणि १० लाख पाच वर्षांच्या चालवण्याचे. यंत्रं येतात, थ्रीडी प्रिंटर येतो. खराटा मात्र यादीत कुणी लिहीत नाही.

तर आधी झाडू. पुढचे सगळे भाव अंदाजे किरकोळ भाव आहेत. रविवार कारंजा, मेनरोड, भद्रकाली या जुन्या बाजारपेठेत दोन-तीन दुकानं फिरलात तर थोडं खालीही येतील. दोन फूलझाडू आणि एक खराटा मिळून तीनशे, चार सुपड्या तीनशे, बाकावरचा भुसा आणि कीस लोटायला सहा हातब्रश चारशे, झाकणाच्या तीन बादल्या सहाशे, सहा सेफ्टी गॉगल पाचशे. हे झाले एकवीसशे. पुसायला फडकी विकत घेऊ नका, घरोघरचे जुने सुती कपडे चालतात. सहा ब्रश जास्त वाटतील, पण आवरायला आठ मिनिटं असताना ब्रशसाठी रांग लागली की निम्मी मुलं नुसती उभी राहतात आणि खेळ तिथंच बसतो.

दुसरा आणि सगळ्यात मोलाचा खर्च म्हणजे औजारांचा फळा. सहा मिलिमीटर जाडीच्या साध्या प्लायची आठ बाय चारची एक शीट हजार ते तेराशेला पडते. रंग आणि कुंचला तीनशे, हुक-खिळे दोनशे. फळ्यावर हातोडी, करवत, पकड, गुण्या, कानस टांगायची आणि प्रत्येकीच्या मागे तिचाच आकार गडद रंगात रंगवायचा. औजार काढलं की मागची सावली उघडी पडते. कोण काय विसरलं ते दारातून दिसतं, मोजदाद करावी लागत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत असे फळे जागोजागी आहेत. जपानी फाइव्ह एस पद्धतीत नको ते काढणं, हवं ते जागेवर लावणं आणि साफ करणं या पहिल्या तीन पायऱ्या, आणि फळा त्यातली दुसरी पायरी भागवतो. सुताराकडून करून घेतलात तर दिवसाची मजुरी आठशे-हजार वेगळी. माझं स्पष्ट मत, मुलांकडूनच करवून घ्या. ज्या मुलीनं करवतीचा आकार स्वतः रंगवला, ती करवत दुसरीकडे लटकलेली खपवून घेत नाही.

आता खेळ. वर्गाचे चार गट करा. तासाची शेवटची आठ मिनिटं त्यासाठी राखून ठेवा, पुढच्या धड्यासाठी ती कापायची नाहीत. कुणी झाडायचं, कुणी बाक पुसायचा, कुणी फळा लावायचा, कुणी कानस साफ करायची हे दर वेळी चिठ्ठ्या टाकून ठरवा. चिठ्ठी फुकट असते आणि फार मोठं काम करते. चिठ्ठी नसेल तिथं झाडू नेमका मुलींच्या हाती जातो आणि औजारं मुलांच्या. एखाद्या मुलाकडे त्याच्या घरच्या कामावरून झाडू दिला जातो, हे आपल्या शाळांत घडलेलं आहे आणि ते कुठल्याही परिस्थितीत घडू देऊ नये. आवरणं शिक्षा म्हणूनही देऊ नका. आज उशीर झाला म्हणून झाडायला लावलं, तर उद्या त्याच झाडूला गुण कसे लावणार?

तपासणी दुसऱ्या गटातल्या मुलानं करायची. हातात चार प्रश्नांची चिठ्ठी: बाकाखाली काही आहे का, डब्यांची झाकणं लागली का, फळ्यावर उघडी सावली आहे का, कानशीच्या दात्यांत कीस अडकलाय का. यातला शेवटचा प्रश्न गाळू नका. कानस उजेडात तिरकी धरली की दात्यांमधले चकाकणारे कण दिसतात. तारेचा ब्रश दात्यांच्या रेषेत ओढला की ते निघतात, आडवा ओढला की तसेच राहतात. एकदा दाखवलं की मुलं हे हौसेनं करतात.

आणखी एक बिनखर्चाची युक्ती. शिक्षकांनी मनात एक वस्तू ठरवायची, खुर्चीमागचा वायरचा तुकडा म्हणा. ती उचलणाऱ्या गटाला जादा गुण, पण कोणती वस्तू ते शेवटी सांगायचं. मग प्रत्येक तुकडा संशयित होतो आणि सगळेच उचलले जातात.

गुण गटाला द्या, एकेकट्याला नको. महाराष्ट्राला हे नवं नाही. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गुण मिळाले ते गावाला. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या संशोधकांनी १९६९ मध्ये चौथीच्या वर्गाचे दोन गट करून असाच वर्तनाचा खेळ मांडला होता. त्यात दोन्ही गट जिंकू शकत होते आणि बक्षीस होतं जेवणाच्या रांगेत पुढे जाणं, थोडा मोकळा वेळ. आपणही ‘तपासणीच्या तीन चिठ्ठ्यांवर सगळं बरोबर आलं तर सगळे जिंकले’ असा नियम ठेवावा, म्हणजे एक गट मागे पडून रुसत नाही.

बक्षिसावर पैसे घालायचा मोह आवरा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना चित्र काढण्याबद्दल बक्षीस आधी कबूल केलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात आपणहून कमी चित्रं काढू लागली. दर आठवड्याला चॉकलेट वाटलं तर तेच होईल, शिवाय महिन्याला चार-पाचशे जातील. त्यापेक्षा भांडी बाजारातून एक छोटी पितळी घंटा आणा, तीनशे ते सहाशेला मिळते. सगळ्या सावल्या झाकल्या गेल्या की शेवटचं औजार लावणाऱ्यानं ती वाजवायची. एवढं पुरतं.

घड्याळ लावून शर्यत मात्र फक्त झाडण्या-पुसण्याची ठेवा. यंत्राजवळ घाई नको. आधी मेन स्विच बंद, मग साफसफाई. लोखंडाचा कीस हातानं उचलायचा नाही आणि तोंडानं फुंकायचा नाही, ब्रशनंच काढायचा, डोळ्यांवर गॉगल हवा. तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, भुशाच्या बादलीत कधीही नाही. सोल्डरिंग केलं असेल तर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. इथं कसूर झाली तर गुण कापू नका, खेळ थांबवा.

काय घेऊ नये? गुण मोजायचं ॲप. खडू आणि फळा आहे, मुलांची नावं कंपनीच्या सर्व्हरवर कशाला द्यायची? व्हॅक्यूम क्लीनर चार ते सात हजारांना पडतो, तो लाकडाची यंत्रं रोज चालणाऱ्या शाळेलाच परवडतो. छापील बॅज, पदकं, रंगीत बॅनर यांना पूर्ण फाटा द्या.

पैसे कुठून? महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान पटावर मिळतं. १०१ ते २५० पट असेल तर ५० हजारांपर्यंत, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेच्या कृती आराखड्यावर खर्च करायचे असतात. म्हणजे पाच हजार, आपला अख्खा हिशेब. खासगी शाळांनी पालक-शिक्षक संघाकडे किंवा जवळच्या कारखान्याकडे जावं. कारखान्याकडे पैसे मागण्याआधी फाइव्ह एस शिकवणारा माणूस अर्धा दिवस मागा, तो बहुधा फुकट येतो. त्र्यंबक रोडवरच्या सरकारी आयटीआयमधल्या निदेशकांनाही विचारून पाहा.

त्यानंतरचा चालू खर्च महिन्याला दोन-अडीचशे: साबण, ब्रश, झिजलेला झाडू. जूनमध्ये फळा रंगवून पहिली फेरी खंडेनवमीला संपवा, औजारांची पूजा तेव्हा तशीही होते. दिवाळीनंतर गुण लिहिणं हळूहळू कमी करून बघा. फळा भरलेला राहिला तर गुण बंद, घसरला तर महिनाभर पुन्हा सुरू. प्लाय, रंग, घंटा यांची बिलं शाळेच्या नावानं, जीएसटी क्रमांकासह घ्या आणि घंटेची नोंद साठा नोंदवहीत लगेच करा. लेखापरीक्षणात पहिला प्रश्न तिच्याबद्दलच येईल.