विद्यापीठाच्या इमारतींतील पंखे

विद्यापीठांतील दिवे आता पुष्कळ ठिकाणी एलईडी झाले आहेत; वातानुकूलन नसलेल्या इमारतींत विजेचा मोठा खर्च उरतो तो पंख्यांचा. जुना पंखा पूर्ण वेगात सुमारे 75 वॅट घेतो, बीएलडीसी मोटारीचा सुमारे 30. असे 200 पंखे रोज 10 तास फिरले, तर दिवसाला 90 युनिटांचा फरक पडतो. पंखा हवा थंड करीत नाही. अंगावरील घाम सुकवून माणसाला गारवा देतो. रिकाम्या वर्गात तो निव्वळ वीज खर्च करतो. जुन्या, खोक्यासारख्या रेग्युलेटरने वेग कमी केला तरी बरीच वीज त्यातच उष्णता होऊन जाते, हे विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असते. नवे पंखे महाग आहेत, हे खरे. म्हणून ते प्रथम वसतिगृहात बसवावेत, कारण तेथे ते रात्रभर चालतात.