तळघरात बसू नकोस

पाटण,
3 सप्टेंबर 2025

चि. सोन्यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल गौरी बोळवल्या. संध्याकाळी समोरच्या वहिनी आल्या, बरोबर त्यांचा धाकटा. गणपतीला दिल्लीहून आलाय. तो कौतुकाने सांगत होता, "तुमचा भाचा भारी अभ्यास करतो हं. बेर सरायला बेसमेंटमध्ये लायब्ररी आहे, तिथं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत असतो. एसी आहे, निवांत." मी त्याला दुसरी करंजी वाढली आणि आत जाऊन बसले. रात्रभर डोळा लागला नाही.

तळघरात बसतोस? या पावसात?

टीव्हीवर यमुना दाखवतायत. दिल्लीत तिची धोक्याची खूण 205.33 मीटरची, ती केव्हाच ओलांडली. बेर सरायला यमुनेचं पाणी येत नाही, हे मलाही कळतं. भूगोल शिकवण्यात जन्म गेला माझा. पण राजेंद्र नगरलाही यमुना आली नव्हती. गेल्या वर्षी 27 जुलैला तिथं जे पाणी घुसलं ते रस्त्यावरचं होतं, एका संध्याकाळच्या पावसाचं. तळघरातल्या लायब्ररीत तीन मुलं बुडाली. दोन मुली, एक मुलगा. तो मुलगा तुझ्याच जेएनयूत पीएचडी करत होता. ते तळघर कागदोपत्री सामान ठेवायला होतं, माणसं बसवायला नव्हतंच. नंतर महापालिकेने पुष्कळ तळघरांना सीलं ठोकली. तुझं कसं उघडं राहिलं, किंवा पुन्हा कसं उघडलं, ते विचारलंस का कधी?

मागच्या महिन्यात फोनवर तू हौसेने सांगत होतास, पहिल्याच पेपरात पृथ्वी ही एक व्यवस्था म्हणून शिकवतात. वातावरण, जलावरण, शिलावरण, जीवावरण, आणि सगळ्यांमध्ये उलटसुलट बाण. एकाला हात लावला की दुसरं हलतं. मला केवढं बरं वाटलं होतं! मग त्या आकृतीतला एकही बाण तुला त्या जिन्याने खाली उतरताना दिसला नाही? गेल्या वर्षीचा दिल्लीचा उन्हाळा घे. मे महिन्यात मुंगेशपूरला 52.9 अंश नोंदले म्हणून गवगवा झाला, मग यंत्रच तीन अंश चढं दाखवत होतं असं निघालं. पण तो आकडा वजा करूनही लोक होरपळत होते. जूनमध्ये टँकरमागे माणसं धावत होती. आणि त्याच जूनच्या 28 तारखेला सफदरजंगला एका दिवसात 228 मिलिमीटर पाऊस. 1936 नंतर जूनमध्ये एवढा एका दिवशी पडला नव्हता. कोरडी विहीर आणि बुडालेला रस्ता, दोन्ही एकाच महिन्यात, कारण सिमेंट केलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही. मग ते उताराने धावतं आणि सगळ्यात खालची जागा गाठतं. सगळ्यात खालची जागा म्हणजे तुझी खुर्ची, बाळा.

तुला सोडायला आलो तेव्हा तू राहतोस ते मुनिरका मी पाहिलंय. समोरासमोरच्या बाल्कन्यांतून हात मिळवता येईल एवढ्या गल्ल्या, वर तारांचं जाळं, भर दुपारी जिन्यात दिवा. तुझ्या खोलीला खिडकी आहे, पण ती जिन्यात उघडते. त्या उकाड्याला कंटाळून तू तिकडे जातोस, हेही मला समजतं. आपण जेएनयूत फिरलो तेव्हा वाटेकडेला उघडा पडलेला खडक मी हाताने चाचपत बसले होते आणि तुझी आई हसत होती. आपल्याकडचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, त्याचंच आपल्याला अप्रूप. तो अरवलीचा क्वार्ट्झाइट शंभर कोटींहून जुना. करडा, कुठेकुठे गुलाबीसर, इतका टणक की नखाने ओरखडासुद्धा निघेना. त्या टेकाडावर तुझी लायब्ररी आहे, मोठी, जमिनीच्या वर. तिथं जागा मिळत नाही म्हणशील. पहाटे जा. उभा राहा. पण वर राहा.

आजीचा डावा हात वाकडा का होता, ते तुला माहीतच आहे. 11 डिसेंबर 1967, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. त्याआधी काही वर्षं कोयनेचं पाणी अडवायला लागले तसे बारीक हादरे सुरू झाले होते. लोकांना सवय झाली. भांडी वाजली की आजी म्हणायची, "धरण कूस बदलतंय." मोठमोठे जाणकारही म्हणत, दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूमी, इथं मोठा भूकंप व्हायचा नाही. आणि 6.3 चा झाला. कोयनानगर सपाट. जवळजवळ दोनशे माणसं गेली. साठलेल्या पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत उतरलेला त्याचा दाब, यांनी आधीच ताणात असलेली जमीन सुटली, असं आता सगळ्या जगातली पुस्तकं सांगतात. तुझ्या पेपरात कोयना येईल बघ. पुढे वारणेचं धरण भरलं तसे हादरे दक्षिणेकडेही सरकले. कराडजवळ हजारमाचीला सरकारने प्रयोगशाळा काढली आणि कोयनेच्या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडून पाहिलं: किलोमीटरभर कातळ आणि खाली थेट ग्रॅनाइट. माणसाने पाणी अडवलं आणि खडक हलला. तुझा तो बाण आपल्या घरावरून गेलाय.

मला ते सगळं शिकायचं होतं. फर्ग्युसनला भूशास्त्र घ्यायचं म्हणून अर्ज मागवला होता. तुझ्या आजोबांनी तो नीट वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "भूगोल कराडलाही शिकवतात." मी काही बोलले नाही. बी.ए. झालं, बी.एड. झालं, नोकरी लागली, वाईट काहीच झालं नाही. पण भूकंपावरचं काही वाचायला घेतलं की अजून वाटतं, त्या दिवशी एकदा तोंड उघडायला हवं होतं. ऐकलंही असतं त्यांनी कदाचित. म्हणून तुला प्रवेश मिळाला तेव्हा सगळ्यांत जास्त पेढे मीच वाटले. तुझे बाबा म्हणालेही, "ताई, ॲडमिशन तुझी झालीय की त्याची?"

तेव्हा रागावले असेन तर ते अभ्यासावर नाही. रात्री दोनपर्यंत वाचतोस याचा मला अभिमानच आहे. फक्त तळघरात नको. निदान पाऊस जाईपर्यंत नको. आणि पाऊस गेला की तुमच्याकडे धूर येतो, तेव्हा कोंदट जागेत तर नकोच नको. लहानपणी तुला बाळदमा होता, रात्र रात्र खांद्यावर घेऊन मी अंगणात फिरायचे. आता विसरला असशील.

ऐक. बाहेर उघडणारी खिडकी असलेली खोली बघ. दोन मजले जास्त चढावे लागले तरी चालतील. भाड्यातला फरक मी पाठवत जाईन, पेन्शनीत तेवढं सहज बसतं. बाबांना सांगू नकोस, ते हिशेब विचारत बसतील. कुरिअरने शेंगदाण्याची चटणी आणि भडंग धाडलंय. मित्रांना दे, पण चटणी आधी लपव.

खोली मिळाली की खिडकीतून काय दिसतं ते कळव. समोरची भिंतच दिसत असली तरी कळव.

तुझी,
आत्या