नित्य आणि नैमित्तिक : प्राचीन इस्राएलातील अर्पणे व त्यांचा ख्रिस्ती अर्थ

बायबलच्या जुन्या करारात 'गणना' नावाचे पुस्तक आहे. त्याचे 28 व 29 हे दोन अध्याय फारसे कोणी आवडीने वाचत नाही. पशूंची संख्या, पिठाची व तेलाची मापे, तिथी आणि पुन्हा पशूंची संख्या, असा त्यांचा थाट. एखाद्या देवस्थानाची जमाखर्चाची वही चाळावी तसे वाटते. परंतु ख्रिस्ती धर्मविचारातील बलिदानाची कल्पना समजून घ्यायची, तर आधी ही वही वाचावी लागते, असे माझे मत झाले आहे. प्रस्तुत लेखात तिचा हिशेब मांडून अर्थाचा विचार करावयाचा आहे.

पहिली नोंद रोजची आहे. साऱ्या इस्राएलाच्या वतीने दररोज दोन कोकरे अर्पावयाची. एक सकाळी, दुसरे सायंकाळी. कोकरू नर, एक वर्षाचे आणि निर्दोष हवे. प्रत्येकाबरोबर तेलात मळलेले सुमारे सव्वादोन लिटर मापाचे सपीट आणि लिटरला थोडे कमी इतके मद्याचे पेयार्पण. बारामती-इंदापूर हा मेंढपाळांचा मुलूख. तुकोबांची पालखी काटेवाडीला येते तेव्हा तिच्याभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. एक वर्षाचा, खोड नसलेला नर म्हणजे काय, हे येथील कोणाही धनगराला विचारावे. तो कळपातला उत्तम माल. लंगडे किंवा आजारी जनावर देऊन तेथे भागत नसे. वर्षाकाठी नुसती नित्याची कोकरेच सातशेच्या वर जात.

आपल्याकडील मीमांसकांनी कर्मांचे नित्य व नैमित्तिक असे भेद केले. ते येथे थोडे सैलपणे लावले तर वही लवकर उलगडते. अग्निहोत्रही सकाळ-संध्याकाळचे असते, आणि दर्शपूर्णमास अमावास्या-पौर्णिमेला धरून असतात. इस्राएलातही असेच थर दिसतात. शब्बाथाला, म्हणजे शनिवारी, आणखी 2 कोकरे. प्रत्येक चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी 2 गोऱ्हे, 1 एडका, 7 कोकरे आणि पापार्पणासाठी 1 बकरा. वल्हांडणाला लागून येणाऱ्या बेखमीर भाकरीच्या सणात सातही दिवस रोज तेवढेच. सप्तकांच्या सणालाही तेवढेच. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी कर्णे वाजत, दहाव्या दिवशी प्रायश्चित्त होई आणि पंधराव्या दिवसापासून मांडवांचा सण सुरू होई. या सणात पहिल्या दिवशी 13 गोऱ्हे, मग रोज एकेक कमी करीत सातव्या दिवशी 7, एकूण 70. ज्यू परंपरेने हा आकडा जगातील 70 राष्ट्रांशी जोडला. विशेष हे की, हे सर्व नित्याच्या होमार्पणाखेरीज, अशी अट वहीत पुनःपुन्हा येते. सण कितीही मोठा असो, रोजची दोन कोकरे चुकत नसत.

येथे मनाला बोचणारा एक प्रश्न उभा राहतो. माणसाच्या अपराधाची किंमत मुक्या जनावराने का द्यावी? महाराष्ट्रात गाडगे महाराजांनी जत्रांतील पशुहत्येविरुद्ध जन्मभर लोकांना समजावले. त्यांच्या वारशात वाढलेल्या वाचकाला ही वही अस्वस्थ करणारच. मलाही तिने केले. मात्र ही अस्वस्थता इस्राएलातही होती. आमोस, यशया, मीखा या संदेष्ट्यांनी न्याय आणि दया यांवाचून केलेली अर्पणे देवाला नकोशी आहेत, असे परखडपणे सांगितले. गरिबाची सोयही नियमांतच होती. पापार्पणासाठी मेंढरू परवडत नसेल, तर दोन पाखरे. तीही नसतील, तर थोडे सपीट. येशूच्या जन्मानंतर मरीयेच्या शुद्धीकरणाच्या वेळी पाखरांचेच अर्पण झाले, असे लूक सांगतो. येशू गरीब घरातला होता, याची ही बोलकी खूण आहे.

इ. स. 70 मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि ती वेदी कायमची थंडावली. मग ज्यूंनी प्रार्थनेलाच अर्पणाची जागा दिली. सकाळच्या व दुपारच्या प्रार्थना त्या दोन कोकरांच्या वेळांशी जोडल्या गेल्या. आपल्या कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना लोक 'शनिवार तेली' म्हणत, ते मंगलप्रसंगी पोहे, खोबरे, साखर व फळांचा मलिदा करतात. काही अभ्यासक त्याचा संबंध जुन्या अन्नार्पणाशी लावतात. वेदी गेली तरी देण्याची रीत राहिली.

ख्रिस्ती विचाराने वेगळी वाट धरली. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला देवाचे कोकरू म्हटले आहे, आणि पौल त्याला वल्हांडणाचे कोकरू मानतो. मार्क त्याच्या मृत्यूची वेळ दुपारी तीनच्या सुमाराची सांगतो. त्या काळी मंदिरात दुसरे कोकरू साधारण त्याच वेळी अर्पिले जाई. 'इब्री लोकांस पत्र' या ग्रंथाचा युक्तिवाद तर वहीच्या हिशेबावरच उभा आहे. अर्पण दरवर्षी करावे लागते, याचाच अर्थ त्याने काम पुरे होत नाही. बैलांच्या व बकऱ्यांच्या रक्ताने पाप दूर होणे शक्यच नाही. म्हणून ख्रिस्ताने पशूऐवजी स्वतःला दिले, तेही एकदाच. या 'एकदाच' शब्दाचे वजन, आधी ती सातशेवर कोकरे मोजल्याशिवाय कळत नाही.

मग नित्य संपले काय? माझ्या मते नाही. त्याचे रूप बदलले. पौल रोमकरांना लिहितो की, आपली शरीरेच जिवंत अर्पण म्हणून द्यावीत. इब्री पत्राच्या शेवटी उपकार आणि दानधर्म यांनाच देवाला आवडणारे यज्ञ म्हटले आहे. याचे उदाहरण आपल्या शेजारच्याच दौंड तालुक्यात आहे. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात शेकडो निराधार मुली-स्त्रियांना आसरा दिला आणि केडगावला मुक्तिसदन उभे केले. उत्तरायुष्यात त्यांनी इब्री व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. त्या 1922 मध्ये वारल्या. ते भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या घरात रोज किती जणींना जेवू घातले गेले, त्याचा हिशेब गणनेच्या वहीपेक्षा लहान नसावा.

ख्रिस्ती श्रद्धा मानावी की न मानावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु त्या दोन रुक्ष अध्यायांतून एक गोष्ट कोणालाही घेता येईल. सणाचे मोठे देणे लोकांच्या लक्षात राहते. धर्माची परीक्षा मात्र सकाळ-संध्याकाळच्या लहान देण्यात होते, आणि त्या देण्यात आपण उरलेसुरले देतो की निर्दोष तेच देतो, हे आपले आपल्यालाच ठाऊक असते.