लॅपटॉपची निवड : तपशीलपत्रक वाचावे कसे?

सातारा आणि सांगली हे मूळचे एकाच जिल्ह्याचे दोन भाग. १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव प्राप्त झाले. जिल्हे दोन झाले तरी कृष्णेचे खोरे एक आहे आणि निसर्गाची विविधताही समान आहे. पश्चिमेस महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके मात्र अवर्षणप्रवण. अशा प्रदेशात एखादे यंत्र खरेदी करावयाचे तर प्रथम ते कोठे चालणार आहे याचा विचार करावा लागतो.

ही दृष्टी येथील जनतेस नवी नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या साहाय्याने किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. तेथील लोखंडी नांगर घेताना या भागातील शेतकऱ्याने आपली जमीन, आपले बैल आणि मोडतोड झाल्यास सुटा भाग कोठे मिळेल, या तिन्ही गोष्टींचा विचार केला. आज ग्रामपंचायतीत व शाळेत लॅपटॉप येत आहे. नांगराच्या निवडीत जी चोखंदळ वृत्ती होती, तीच येथेही हवी.

निवड चुकल्यास केवळ पैसा वाया जातो असे नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकास विहित मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्रांतून दाखले दिले जातात, तर २०२० साली सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीवर पंचायतीचा आराखडा व हिशेब नोंदविला जातो. यंत्र बंद पडले तर दाखल्यासाठी आलेल्या वृद्धेस परत जावे लागते आणि विद्यार्थ्याच्या प्रवेशाची तारीख टळू शकते. यास्तव लॅपटॉपची निवड ही सार्वजनिक सेवेशी निगडित अशी बाब आहे.

प्रथम कामाची यादी

दुकानात जाण्यापूर्वी किंवा मागणीपत्र तयार करण्यापूर्वी कामांची यादी करावी. ग्रामपंचायतीचे काम मुख्यत्वे पत्रव्यवहार, तक्ते, संकेतस्थळावरील नोंदी, डिजिटल स्वाक्षरी आणि छपाई असे असते. शाळेत प्रोजेक्टरवर पाठ दाखविणे, ध्वनिचित्रफिती चालविणे आणि विद्यार्थ्यांची माहिती भरणे ही कामे येतात. यांपैकी कोणत्याही कामास खेळांसाठी बनविलेला, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला महागडा लॅपटॉप लागत नाही. तो अधिक वीज खातो, अधिक तापतो आणि वजनानेही जड असतो. उलटपक्षी, केवळ किंमत कमी म्हणून घेतलेले अतिदुर्बल यंत्र दोन वर्षांत कामाच्या मागे पडते. स्वस्त ते नास्त आणि महाग ते उत्तम, ही दोन्ही सूत्रे तपासल्याशिवाय स्वीकारू नयेत.

प्रोसेसर, रॅम आणि साठवण

प्रोसेसर हा लॅपटॉपचा मेंदू. जाहिरातीत ‘आय-थ्री’, ‘आय-फाइव्ह’ अशी नावे ठळक छापलेली असतात. परंतु त्यापुढील आकड्यांत त्याची पिढी दडलेली असते. कित्येक पिढ्या जुना आय-फाइव्ह हा नव्या पिढीतील आय-थ्रीपेक्षा मंद असू शकतो. एएमडी कंपनीच्या लॅपटॉपसाठीच्या रायझन ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा अंतर्गत रचनेची पिढी सांगतो. त्यामुळे ७५२० आणि ७५३० हे क्रमांक दिसावयास जवळचे असले तरी त्यांची रचना भिन्न पिढ्यांतील आहे. सबब केवळ मालिकेचे नाव न पाहता प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा.

रॅम ही कामाच्या टेबलासारखी असते. टेबल लहान असले की एक कागद उचलून ठेवल्यावाचून दुसरा मांडता येत नाही. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅमची अट आहे. परंतु किमान अट म्हणजे सुखाने काम होण्याची हमी नव्हे. कार्यालयीन कामास ८ जीबी ही व्यवहार्य मर्यादा समजावी आणि पाच वर्षे वापरावयाचे असल्यास १६ जीबीचा विचार करावा. अनेक बारीक लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य फलकावरच कायमची जोडलेली असते. ती पुढे वाढविता येत नाही. रॅमसाठी रिकामी खाच आहे काय, हा प्रश्न म्हणूनच खरेदीपूर्वी विचारावा.

रॅम टेबल, तर साठवण म्हणजे दप्तराचे कपाट होय. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते आणि धक्क्याने ती बिघडू शकते. एसएसडीमध्ये फिरता भाग नसतो, ती कित्येक पटींनी वेगवानही असते. दुचाकीवरून वाडीवस्तीवर न्यावयाच्या लॅपटॉपमध्ये एसएसडीच असावी. ५१२ जीबीची एसएसडी पडद्यावर सुमारे ४७६ जीबी अशी दिसते. यात फसवणूक नाही. उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात, तर विंडोज द्विमान पद्धतीने. तपासणीच्या वेळी हा फरक ठाऊक असल्यास निष्कारण वाद टळतो.

पडदा आणि बॅटरी

पडद्याचा आकार इंचांत सांगितला जातो, पण स्पष्टता बिंदूंच्या संख्येवर ठरते. १३६६ गुणिले ७६८ बिंदूंच्या पडद्यावर सुमारे साडेदहा लाख बिंदू असतात. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर पावणेएकवीस लाख. देवनागरीतील जोडाक्षरे, वेलांट्या व अनुस्वार दिवसभर वाचणाऱ्या डोळ्यांस हा फरक जाणवतो. शाळेच्या ओसरीत किंवा उघड्या दारांच्या वर्गात उजेड भरपूर असतो. तेथे ३०० निट किंवा अधिक उजळपणाचा आणि चकाकी नसलेला पडदा सोयीचा ठरतो.

बॅटरीबाबत ‘दहा तास चालते’ अशा विधानावर विसंबू नये. तपशीलपत्रकातील वॉट-तास हा आकडा पाहावा. बॅटरी ४२ वॉट-तासांची असेल आणि काम करताना लॅपटॉप सरासरी १० वॉट वीज घेत असेल, तर ती सुमारे चार तास चालेल. वळवाच्या पावसात वीज गेली असता ग्रामसभेचे कामकाज पूर्ण होईल किंवा नाही, याचे उत्तर या साध्या भागाकारात आहे.

उष्णता, धूळ व ओलावा

अनेक लॅपटॉपच्या पत्रकांत वापरासाठी कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस दिलेले असते. माण किंवा जत तालुक्यात उन्हाळ्यात पारा ४० च्या आसपास जातो. म्हणून पंख्याची झरोकी मोठी असलेले व साफ करता येण्याजोगे यंत्र निवडावे, ते पत्र्याच्या खोलीत दुपारी वापरू नये आणि गादीवर किंवा कापडावर ठेवू नये. उष्णतेने बॅटरीचे आयुष्यही घटते. काही यंत्रांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय असते. सदैव विजेवर चालणाऱ्या कार्यालयीन लॅपटॉपसाठी ती उपयुक्त होय.

महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या पावसाळी भागांत प्रश्न उलट आहे. तेथे महिनोन्‌महिने कपाटात बंद ठेवलेल्या यंत्राच्या जोडण्यांवर ओलावा बसतो. त्या भागातील शाळांनी पावसाळ्यात व दीर्घ सुटीतही ते नियमितपणे चालू करावे व कोरड्या जागी ठेवावे.

जोडण्या, मराठी आणि ऑपरेटिंग सिस्टीम

लॅपटॉप बारीक करण्याच्या नादात काही उत्पादकांनी जोडण्यांच्या खाचा कमी केल्या आहेत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बोटांचे ठसे घेणारे उपकरण आणि प्रिंटर यांना बहुधा नेहमीची रुंद यूएसबी खाच लागते. प्रोजेक्टरला एचडीएमआय आणि तारेच्या इंटरनेट जोडणीला लॅनची खाच लागते. कार्यालयात असलेल्या उपकरणांची संख्या मोजून मगच खाचांची संख्या ठरवावी.

मराठीसाठी वेगळे महागडे सॉफ्टवेअर घेण्याची आज गरज नाही. १९८६ साली भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट कळफलकाची रचना निश्चित झाली, तर १९९१ पासून देवनागरी युनिकोडमध्ये आहे. विंडोज व लिनक्स या दोन्हींत इनस्क्रिप्टची सोय अंगभूत आहे. युनिकोडेतर जुन्या फाँटमध्ये टंकलेले ठराव दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हे बनतात. नव्या यंत्राबरोबर ही सवय सोडून द्यावी.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून जुने, दुरुस्त केलेले लॅपटॉप देणगी म्हणून मिळाले तरी ही बाब तपासावी. काही स्वस्त यंत्रे ऑपरेटिंग सिस्टीमविना विकली जातात. परवान्याचा खर्च त्यांच्या किमतीत मिळवूनच तुलना करावी. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली विनामूल्य आहे. मात्र आपले टोकन व ठसे घेणारे उपकरण तिच्यावर चालते याची आधी खात्री करावी.

गुणांकनाची पद्धत

सर्व गुण एकाच यंत्रात क्वचितच आढळतात. अशा वेळी मतभेद मिटविण्याचा सरळ मार्ग म्हणजे गुणांकन. दर पाहण्यापूर्वीच समितीने प्रत्येक बाबीचा भार ठरवावा. उदाहरणादाखल, प्रोसेसर व रॅम ३०, साठवण १५, पडदा १५, बॅटरी १५ आणि हमी व दुरुस्ती २५ असा एकूण १०० भार धरू. ‘क’ या काल्पनिक लॅपटॉपला दहापैकी अनुक्रमे ९, ८, ५, ५, ४ आणि ‘ख’ ला ७, ८, ८, ७, ८ गुण मिळाले, तर भारानुसार ‘क’ ची बेरीज ६४ आणि ‘ख’ ची ७५.५ होते. जाहिरातीत ‘क’ अधिक झळकेल, कारण त्याचा प्रोसेसर वेगवान आहे. परंतु गावाच्या कामास ‘ख’ सरस आहे. भार आधी आणि दर नंतर, हा क्रम मात्र मोडू नये; अन्यथा मनात ठरलेल्या यंत्रासाठी आकडे बसविले जातात.

हमीला येथे २५ भार दिला आहे, त्यास कारण आहे. ‘तीन वर्षांची हमी’ हे शब्द पुरेसे नाहीत. तंत्रज्ञ गावी येणार की यंत्र शहरात पोहोचवावे लागणार? बॅटरीवर हमी किती? बहुधा ती एकच वर्षाची असते. सातारा, कऱ्हाड किंवा सांगलीस अधिकृत दुरुस्ती केंद्र आहे काय? आटपाडीच्या शिक्षकास बॅटरीसाठी पुण्यास जावे लागत असेल, तर किमतीत वाचलेले पैसे प्रवासात आणि बुडालेल्या दिवसांत जातात.

खरेदी, स्वीकृती व निगा

शासकीय ई-बाजारपेठ २०१६ साली सुरू झाली. तेथे किंवा अन्य नियमबद्ध मार्गाने खरेदी करताना विशिष्ट कंपनीचे नाव न लिहिता आवश्यक गुणधर्म लिहावेत. लॅपटॉपसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी बंधनकारक आहे. यंत्रावर व चार्जरवर तिचा क्रमांक पाहावा. माल आल्यावर खोके उघडण्यापूर्वी घाई करून स्वीकृती देऊ नये. यंत्र सुरू करून प्रोसेसर, रॅम व साठवण मागणीपत्राशी ताडून पाहावी, अनुक्रमांक देयकाशी जुळवावा आणि मगच जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद करावी. निकामी झालेले यंत्र भंगारात विकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापरकाकडे गेले पाहिजे. तत्पूर्वी त्यातील माहिती कायमची पुसून टाकावी.

सर्वांत मोठा धोका यंत्राचा नसून माहितीचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली; जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. लॅपटॉप नवा घेता येतो, पण त्यासोबत बुडालेल्या नोंदी विकत मिळत नाहीत. नदीकाठच्या प्रत्येक कार्यालयाने महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती ठेवाव्यात : एक यंत्रात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी गावाबाहेर सुरक्षित ठिकाणी. या डिस्कचा खर्च लॅपटॉपच्या अंदाजपत्रकातच धरावा.

यंत्र कितीही चांगले असले तरी त्याचा उपयोग वापरणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून असतो. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून रोज सायंकाळी भोंगा वाजताच दूरदर्शन संच व मोबाइल दीड तास बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. उपकरण केव्हा बंद ठेवावे हे गाव एकमताने ठरवू शकते, तर कोणते उपकरण घ्यावे, हेही ते ठरवू शकेल. मासिक सभेत तपशीलपत्रक वाचून दाखवावे, गुणांकनाचा तक्ता फलकावर लावावा आणि प्रश्नांना उत्तरे द्यावीत. सार्वजनिक पैशातून आलेल्या वस्तूची निवड अशी उघडपणे झाली, तर तिची निगा राखण्याची जबाबदारीही गाव आपली मानील.