एक यंत्र आणि अनेक यंत्रे

संगणकाचा पडदा, कळफलक, स्मृती आणि साठवण यांच्याकडून एकमेळाने काम करवून घेणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज आणि लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे होत. घरच्या एका संगणकावर ती बसविणे तुमच्यापैकी कित्येकांस आज येत असेल. परंतु घरी दहा माणसांचा स्वयंपाक उत्तम करणाऱ्यास हजार पानांची पंगत उठविता येईलच असे नाही. तेथे हाताच्या चवीइतकेच मोजमाप, क्रम आणि पूर्वतयारी यांना महत्त्व असते. कचेरीतील शेकडो संगणकांचेही तसेच आहे. म्हणून मोठ्या संस्था आपल्या तंत्रज्ञांस या कामाचे स्वतंत्र शिक्षण देतात. त्या शिक्षणात काय असते, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

हा विषय आजच का घ्यावा, असे कोणी विचारील. विंडोज १० या प्रणालीचा नियमित विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत, पण नव्याने सापडणारी सुरक्षेची छिद्रे बुजविण्याचे काम थांबले. मुदतवाढ घेता येते, परंतु व्यावसायिक संस्थांना ती पैसे देऊन आणि जास्तीत जास्त तीन वर्षांपुरतीच मिळते. त्यामुळे लहानमोठ्या असंख्य कचेऱ्यांपुढे सारी यंत्रे नव्या प्रणालीवर नेण्याचा प्रश्न उभा राहिला.

हे काम वेळ पडल्यास किती मोठे होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर घडले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाची विघातक आज्ञावली युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून बाहेर पडली आणि जगभर पसरली. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक तिने निकामी केले. रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडून चालविला जाणारा एक धक्का आहे. तेथील यंत्रणाही बंद पडली आणि कामे हातांनी करण्याची पाळी आली. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितले की, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० आज्ञावल्या पुन्हा बसवाव्या लागल्या. कंपनीचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर झाले. एकेका यंत्रासमोर बसून प्रश्नांची उत्तरे देत गेले असते, तर हे काम दहा दिवसांत कधीच झाले नसते.

मग ते होते कसे? आमच्या छत्रीबागेत तीस संगणकांची एखादी कचेरी आहे, अशी कल्पना करू आणि तिच्या आधारे एकेक पायरी चढू.

पहिली पायरी मोजणीची. प्रत्येक यंत्राचा प्रोसेसर, स्मृती आणि साठवण यांची नोंद प्रथम केली पाहिजे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते. प्रोसेसरही मान्य यादीतील असावा लागतो. तीसपैकी समजा आठ यंत्रे यात बसली नाहीत, तर ती लगेच भंगारात काढावी असे नाही. त्यांच्यावर लिनक्स बसवून पुष्कळ कामे करता येतात. परंतु हा निर्णय यादी हाती आल्यावर घ्यावयाचा असतो, काम अर्ध्यावर आल्यावर नव्हे.

दुसरी पायरी जतनाची. जुनी कागदपत्रे दुसरीकडे सुरक्षित ठेवल्याखेरीज कोणत्याही यंत्रास हात लावू नये. ज्या यंत्राची साठवण बिटलॉकरने कुलूपबंद केली आहे, त्याची ४८ अंकी किल्ली आधी मिळवून ठेवावी. ती हरवली म्हणजे आतील मजकूरही गेला असे समजावे.

तिसरी पायरी आदर्श यंत्र सिद्ध करण्याची. एका संगणकावर प्रणाली, नेहमीच्या आज्ञावल्या आणि छपाईयंत्राची जोडणी नीट बसवावयाची. मग त्या यंत्राची स्वतःची ओळख, म्हणजे त्याचे नाव आणि अंतर्गत क्रमांक, पुसून टाकावयाची आणि उरलेल्या घडणीची एक प्रतिमा काढावयाची. ओळख पुसली नाही, तर तीसही यंत्रे एकच नाव सांगू लागतील आणि जाळ्यावर गोंधळ माजेल. बसविताना पडद्यावर जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे एका फाइलीत आधीच लिहून ठेवता येतात, म्हणजे यंत्रासमोर माणूस बसवावा लागत नाही.

चौथी पायरी वाटपाची. संगणक सुरू होताच जाळ्यावरील सर्व्हरकडे पत्ता मागतो, तेथून एक छोटी आज्ञावली घेतो आणि तिच्या साहाय्याने पूर्ण प्रतिमा ओढून घेतो. येथे थोडे गणित करून पाहा. प्रतिमा ६ जीबीची असेल, तर तीस यंत्रांसाठी १८० जीबी मजकूर वाहून न्यावा लागेल. जाळ्याचा वेग सेकंदास १ गिगाबिट, म्हणजे १२५ एमबी धरला, तर त्यास १,४४० सेकंद, अर्थात २४ मिनिटे लागतील. मध्ये जुना १०० मेगाबिटचा स्विच असेल, तर हाच वेळ चार तासांवर जाईल. प्रत्यक्षात वेग याहून थोडा कमीच मिळतो. एकच प्रवाह सर्व यंत्रांनी एकदम ऐकावा अशीही सोय असते. वर्गात फळ्यावर एकदा लिहावे आणि साऱ्यांनी उतरून घ्यावे, तशी ती होय.

पण आदर्श यंत्रात एक चूक राहिली, तर ती तीसही ठिकाणी जाते. म्हणून पाचवी पायरी चाचणीची, आणि आमच्या मते शिक्षणाचा गाभा येथेच आहे. येथील कचेऱ्यांत जुनी हिंदी पत्रे बहुधा कृतिदेव अक्षरसंचात टंकलेली असतात, मराठी पत्रे कोठे श्री-लिपीत. तो अक्षरसंच नव्या प्रतिमेत घालावयाचा राहिला, तर वर्षानुवर्षांची पत्रे रोमन अक्षरांच्या निरर्थक रांगांसारखी दिसू लागतात. तंत्रज्ञाच्या दृष्टीने यंत्र उत्तम चालत असते, टंकलेखकाच्या दृष्टीने मात्र त्याची सारी कमाई नाहीशी झालेली असते. आमच्या घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलली जाते. लिपी तिन्हींची देवनागरीच, पण प्रत्येकाच्या बोटांना सवयीचा कळफलक वेगळा. यास्तव पहिली दोन-तीन यंत्रे हिशेबनीस आणि टंकलेखक यांच्या हाती देऊन आठवडाभर वापरून पाहावीत, मग दहा आणि शेवटी उरलेली करावीत.

हा क्रम सोडल्याचा परिणाम जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिला. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीचा एक सदोष बदल एकदम सर्वत्र पाठविला गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली.

शेवटची पायरी परतीच्या वाटेची. काही बिघडले तर पूर्वस्थितीस कसे यावयाचे, हे आधीच लिहिलेले असावे. मर्स्कच्या प्रसंगात वापरकर्त्यांची नावे व अधिकार सांभाळणाऱ्या सर्व्हरांच्या जगभरच्या प्रती नष्ट झाल्या. घाना देशातील एकच प्रत वाचली, कारण वीज गेल्यामुळे ते यंत्र त्या वेळी जाळ्यावर नव्हते. एवढ्या मोठ्या कंपनीचे पुनरुज्जीवन एका वीजखंडनावर अवलंबून राहिले! जतन केलेली एक तरी प्रत जाळ्यापासून दूर ठेवावी, हा त्यातील बोध होय.

ज्यांना या विषयाची गोडी वाटेल, त्यांनी शाळेतच आरंभ करावा. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या विनामूल्य आज्ञावलीने एका संगणकात दुसरा आभासी संगणक निर्माण करता येतो. तो शंभर वेळा मोडला तरी कोणाचे नुकसान होत नाही. आय. आय. टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील लिनक्सचे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. प्रत्येक प्रयोगाची तारीखवार वही मात्र अवश्य ठेवावी. आज्ञावल्यांची नावे दर काही वर्षांनी बदलतील, पण मोजणे, जपणे, पारखणे आणि नोंदणे या सवयी बदलणार नाहीत. ज्याच्या हाती अनेकांचे काम आहे, त्याने आपल्या सोयीआधी त्या अनेकांचा विचार करावा, हेच या विद्येचे सार होय.