नांवाची चौकशी आणि न आलेलें उत्तर

माघी पौर्णिमेस कचारगडच्या गुहेकडे रेल्वेनें येणारा यात्रेकरू दरेकसा स्थानकावर उतरतो; तेथें धनेगांवची वाट विचारतो आणि धनेगांवीं पोंचल्यावर गुहेची. स्थानकावरील कोणी ‘मला ठाऊक नाहीं’ म्हणाला, एवढ्यावरून गुहाच नाहीं असें तो समजत नाहीं. संगणकापुढें बसल्यावर मात्र आपण नेमकी हीच चूक करतों.

इंटरनेटवरील नांवास डोमेन म्हणतात. तें केव्हां व कोणामार्फत नोंदलें गेलें हें विचारण्याचें ‘हू-इज’ हें जुनें साधन आहे. त्याचे नियम १९८२ सालीं प्रसिद्ध झाले. आज्ञा टंकून पुढें नांव लिहावयाचें, कीं नोंद समोर येते. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठीं शुल्क मागणारें एखादें संकेतस्थळ स्वतःस दहा वर्षांचें जुनें म्हणवीत असेल आणि नोंद गेल्या आठवड्यांतील निघाली, तर पालकांनीं पैसे देण्यापूर्वीं थांबावें. मालकाचें नांव झांकलेलें दिसल्यास मात्र तेवढ्यानें संशय घेऊं नये. २०१८ सालीं युरोपांत खाजगी माहितीविषयींचा कायदा लागू झाल्यापासून असें पुष्कळ ठिकाणीं आढळतें.

आतां उत्तरच आलें नाहीं तर? प्रथम आपण काय लिहिलें तें पाहावें. पत्त्याच्या आरंभींचीं ‘एचटीटीपीएस’ व ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ हीं अक्षरें आणि तिरप्या रेघेनंतरचा मजकूर गाळून केवळ नांव ठेवावें. २०१४ पासून शेवटीं ‘भारत’ हें पद असलेलीं देवनागरी नांवेंही नोंदतां येतात, आणि येथें आमच्या भागास एक विशेष अडचण आहे. आपण ‘कचारगड’ लिहितों. हिंदींत ‘कचारगढ़’ लिहितात. यात्रेकरूस स्थळ एकच, संगणकास तीं दोन भिन्न नांवें! शिवाय नोंदवहींत देवनागरी नांव ‘एक्स एन’ व दोन आडव्या रेघा यांनीं आरंभ होणाऱ्या रोमन रूपांत राहतें. कांहीं साधनें हें रूपांतर स्वतः करतात. जीं करीत नाहींत त्यांस तें रूप आपणच पुरवावें लागतें.

मग कोणास विचारलें तें पाहावें. नांवाच्या अंतीं बिंदूनंतर जें पद येतें, त्या प्रत्येकाची नोंदवही वेगळी. ‘इन’ व ‘भारत’ यांची नोंदवही निक्सी ही भारतीय संस्था सांभाळते. कोणत्या पदासाठीं कोणाकडे जावें याची यादी साधनांतच भरलेली असते. साधन जुनें तर यादीही जुनी, आणि ती आपणांस ओसाड घराच्या दाराशीं नेऊन सोडते. अशा वेळीं सर्व पदांची मूळ यादी ठेवणाऱ्या ‘आयाना’स आधीं विचारावें आणि ती जो पत्ता देईल तो आज्ञेंत ‘एच’ या पर्यायापुढें लिहावा. आधीं दरेकसा, मग धनेगांव, तसेंच हें.

वाटच अडविलेली असणें हें तिसरें कारण. हू-इज ४३ क्रमांकाच्या दारानें जातें आणि शाळा-कचेऱ्यांच्या जाळ्यांत तें दार अनेकदां बंद ठेवलेलें असतें. साधन वाट पाहून थकतें व वेळ संपल्याचें सांगतें. तीच आज्ञा मोबाईलच्या जोडणीवरून द्यावी. उत्तर आलें तर दोष नांवाचा नव्हे आणि साधनाचाही नव्हे. एकामागून एक शेंकडों प्रश्न विचारणाऱ्यासही नोंदवह्या कांहीं काळ उत्तर देत नाहींत, आणि तें योग्यच आहे.

सर्वांत फसवें मौन अलीकडचें आहे. ‘कॉम’सारख्या सर्वसाधारण पदांच्या नोंदवह्यांवरील हू-इज चालविण्याचें बंधन २८ जानेवारी २०२५ रोजीं उठलें. त्याच्या जागीं ‘आरडॅप’ आलें असून तें संकेतस्थळांच्या नेहमींच्या वाटेनें, म्हणजे ४४३ क्रमांकाच्या दारानें जातें. म्हणून ४३ बंद असतांही तें चालतें. हू-इज गप्प राहिलें कीं त्याच नांवाची चौकशी आरडॅपनें करावी, आणि ‘अशी नोंद नाहीं’ असें नोंदवहीनें स्वतः सांगेपर्यंत तें नांव मोकळें आहे असें धरूं नये.