पक्षाघात आणि पोटाची काळजी

पक्षाघात म्हटले की वाकडे झालेले तोंड, लुळा पडलेला हात आणि अडखळणारी वाचा आपल्या डोळ्यांसमोर येते. घरातील माणसे रुग्णाच्या हातापायांची चिंता करतात. त्याच्या पोटाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः घशापासून आतड्यापर्यंतच्या सर्व मार्गावर मेंदूचे नियंत्रण असते. म्हणून मेंदूवरील आघाताचे परिणाम त्या मार्गावरही होतात.

पहिली अडचण गिळण्याची. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत वाणीदोषांबरोबर गिळण्याच्या दोषांवरही उपचार होतात. याचे कारण असे, की बोलणे आणि गिळणे ही दोन्ही कार्ये ओठ, जीभ व घसा यांच्या स्नायूंवर अवलंबून असतात. हे स्नायू दुर्बळ झाले, तर घास किंवा पाणी श्वासनलिकेत शिरून फुप्फुसांचा दाह होऊ शकतो. त्यामुळे गिळण्याची तपासणी होईपर्यंत रुग्णाला तोंडाने पाणीही देऊ नये. गरज पडल्यास डॉक्टर नाकातून जठरात नळी घालून अन्न देतात.

दुसरी अडचण जठराची. मेंदूच्या विकारांचा जठरव्रणाशी असलेला संबंध अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली मांडला. मोठ्या आघातानंतर जठराच्या अस्तरावर व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो. डांबरासारखी काळी शौच किंवा कॉफीच्या चुऱ्यासारखी उलटी ही त्याची लक्षणे होत. ती दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या औषधांनीही रक्तस्राव वाढू शकतो. तथापि ती औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

तिसरी अडचण बद्धकोष्ठतेची. हालचाल थांबली आणि पाणी कमी पडले, की आतड्याची गती मंदावते. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुरेसे पाणी, चोथायुक्त आहार व शक्य तेवढी हालचाल उपयोगी पडते.

रुग्णाला भरवताना ताठ बसवावे, लहान घास द्यावेत आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. रुग्णाला बोलून सांगता येत नसेल, तर त्याचे दुःख ओळखणे हे शुश्रूषा करणाऱ्याचेच काम असते.

स्वाध्याय
१. वाणीदोषांवर उपचार करणारी संस्था गिळण्याच्या दोषांवरही उपचार का करते?
२. जठरातील रक्तस्रावाची दोन लक्षणे लिहा.